बसून खाणारी आई

सायगॉन, १२ मार्च

लुआताई,

फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र फाडायचं तर दोन हात लागतात, आणि तेवढ्यात एखादी ओळ डोळ्यांखालून जातेच. म्हणून पत्र. पत्ता तू परदेशातून पाठवलेल्या पहिल्या पार्सलच्या खोक्यावरून घेतला. आईने ते खोकं टाकलं नाही, त्यात सुकी मासळी ठेवते. त्यामुळे चियायी या तुझ्या शहराच्या नावाखाली तेलाचा डाग पडलाय आणि घराचा आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही. मी तीन लिहिलाय.

आईला बरं नाही. म्हणजे तशी बरी आहे. तेतच्या सणाआधीपासून तिचं पोट वाढत होतं. तरंगत्या बाजारातल्या बायका नावेतून ओरडायच्या, "काय गं साऊ, या वयात पाळणा बांधतेस की काय?" आई म्हणायची, "बांधते की. नाव तुझ्या नवऱ्याला विचारून ठेवीन." मग जेवण जाईना. दोन घासांत पोट भरायचं. शेजारच्या ताममावशीने वारा धरलाय म्हणून पाठ नाण्याने खरवडून लाल केली, आलं चोळलं, पपईच्या पानांचा काढा पाजला. शेवटी श्वास लागायला लागला तेव्हा जिल्ह्याला नेलं, जिल्ह्याने इथे पाठवलं.

इथे पोटात सुई घालून पाणी काढलं. त्या पाण्याचा रंग तुला सांगत नाही. डॉक्टरीणबाई उत्तरेकडच्या आहेत, क्वेन नाव, वयाने तुझ्याएवढ्याच. प्रत्येक शब्द धुऊनपुसून समोर ठेवल्यासारखं बोलतात. त्यांनी मला बाहेर बोलावून तो शब्द सांगितला. कॅन्सर, अंडाशयाचा. मी विचारलं, "पण तिला शहात्तरावं लागलंय, तिचा अंडाशय अजून असेल कशाला?" आता लाज वाटते. पण मला खरंच वाटायचं की काम संपलं की तो वाळून जात असेल. बदकांत तर म्हातारी मादी... जाऊ दे.

आईला सांगितलंय, पाण्याची गाठ आहे. बाईंना हात जोडले, तिच्यासमोर तो शब्द काढू नका. इथे सगळेच तसं करतात.

तिथेच उभ्याउभ्या बाईंनी चौकशी केली. स्वयंपाक कोण करतं, अंघोळ स्वतः करतात का, ओझं उचलतात का, कधी पडल्या होत्या का. मी म्हटलं, "छे! आई कशाला हात लावत नाही. मी आणि माझी बायको आहोत ना. ती बसून खाते आणि जपमाळ ओढते." मग आत जाऊन त्या आईला म्हणाल्या, "आजी, खुर्चीतून उठून भिंतीपर्यंत जाऊन या बघू." आई उठायच्या आत मी तिच्या काखेत हात घालून उचलली. भिंतीपर्यंत जवळजवळ पाठुंगळीच नेली आणि आणली. मी तिला आधीच बजावलं होतं, मोठ्या डॉक्टरसमोर काही बोलायचं नसतं, म्हणून ती गप्प राहिली. बाकावरची एक बाई म्हणालीसुद्धा, "पोरगा असावा तर असा!"

तेव्हा काळजी करू नकोस. मी घरीच असतो. आईला काही करू देत नाही.

तुझा धाकटा,
खोय


पश्चिमेकडच्या गाड्यांचा स्टँड, १९ मार्च

ताई,

हे आठ नंबरला पाठवतोय. मागचं तीन नंबरवाल्याने वाचलं असेल तर त्याचा आमच्याबद्दल फार चांगला ग्रह झाला असेल.

माझी बायको नाही. कुणी दिलीच नाही. दोन वर्षं मी मुओइशेठची बदकं हाकतोय. भात कापून झालं की त्या शेतात बदकं सोडायची, सांडलेले दाणे, गोगलगायी खाऊन झाल्या की नावेत भरून पुढच्या जिल्ह्यात. हजारो बदकं आणि मी. बरं वाटतं, रोज नवं शेत. एका बदकाला मी नाव ठेवलं होतं, ती माझ्या चपलेवरच बसायची, पण ते राहू दे.

घरी आई एकटी असते. भल्या पहाटे चूल पेटवून माशाचा रस्सा करते, शेवयांच्या टोपल्या नावेत टाकते आणि उभ्याने दोन वल्ही मारत बाजारात जाते. भरल्या नावेनिशी, ओहोटीत, प्रवाहाच्या उलटी. पोट फुगलं होतं तेव्हाही जात होती, वल्हं पोटाला लागतं म्हणून जरा बाजूला उभी राहून. मग मी डॉक्टरीणबाईंना काय सांगणार होतो? की माझी आई या वयात नाव मारते आणि मी बदकांमागे हिंडतो? तूच सांग, आपल्या गावात कुठला मुलगा असं चारचौघांत बोलेल? सगळे म्हणतात, आई आरामात आहे, आई बसून खाते. मीही म्हटलं. तोंडातून आपोआप आलं, नमस्कार यावा तसं.

काल बाईंनी बोलावलं. कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं, रोग कुठे कुठे पसरलाय त्याचे ठिपके दिले. फार ठिपके दिले. म्हणाल्या, "शरीर दणकट असतं तर आपण आधी दोन औषधं मिळून दिली असती, गाठ लहान करून मग ऑपरेशन केलं असतं. वय हा मुद्दा नाही, ताकद हा मुद्दा आहे. पण तुमच्या आईंना उठवावं लागतं, भरवावं लागतं. अशा शरीराला मोठं औषध दिलं तर रोगाच्या आधी औषधच नेईल. आपण एकच देऊ, बेताने. पोटात पाणी साचलं की काढू."

खरं सांगू? आधी मला सुटल्यासारखं झालं. सुरी नाही! नाममावशी आठवते ना? तिचं पोट उघडलं आणि महिन्याच्या आत गेली. ताममावशी अजून म्हणते, सुरी लागली की गाठ पळते, सगळ्या अंगभर. मग मी विचारलं, "बेताने दिलं की बरी होईल ना?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "त्रास कमी राहील."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलोय. सांगायला एवढंसं वाक्य लागलं असतं. ते वाक्य घशात आलं आणि तिथेच आडवं झालं. कारण सांगितलं तर त्या मोठं औषध देतील, सुरी लावतील, आणि त्यात आई गेली तर ती माझ्या तोंडाने गेली. न सांगितलं तर हळूहळू जाईल आणि लोक म्हणतील, पोराने किती केलं. ताई, मला दोन्हीची सारखीच भीती वाटते. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

आणि आज सकाळी इथे स्टँडवर आलोय. मुओइशेठचा निरोप होता, दोंग थापला कापणी सुरू झालीय, माणूस हवाय. माझे पाय तर तुला माहीत आहेत. मी ठरवून नाही निघालो. आईचे खोटे दात धुवायला नळावर गेलो, नळावर रांग होती, म्हणून बाहेरच्या नळावर गेलो, तिथून रस्ता दिसत होता. गाडी उभी आहे. कंडक्टर विचारतोय, येतोस का. मी म्हटलं पत्र पुरं करतो.

ताई, पेन खिशातून काढताना हाताला लागलं. आईचे दात माझ्या खिशात आहेत. रुमालात. आता ती काय खाईल?


सायगॉन, २० मार्च

ताई,

गाडीत नाही बसलो.

परत आलो तर आई खाटेवर नव्हती. चटई गुंडाळून ठेवलेली, चपला गायब. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, "सकाळपासून नाही बघितली." संडास बघितला, जिने बघितले. खाली एका स्ट्रेचरवर कुणाला तरी डोक्यावरून चादर घालून नेत होते, त्याच्यामागे मी किती लांब गेलो! पाय बघितले, पुरुष होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पुरुष निघाला म्हणून हसलो. असं हसू नये.

हॉस्पिटलच्या मागे धर्मादाय पेजेची चूल चालते. तिथून आवाज आला. दात नसलेला, पण मला तो आवाज कुठेही कळेल. "अरे तळाला लागलंय ते! कोण ढवळतंय हे, हात आहेत की शेवया?"

आई! पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, चौकड्यांचा रुमाल डोक्याला बांधलेला, आणि पेजेच्या पातेल्याचा एक कान तिच्या हातात. दुसरा कान धरलेला गडी म्हणत होता, "मावशी, दमानं!" आणि आई त्याला म्हणत होती, "दमानं काय, पेज थंड होईल!" पोटातलं पाणी काढल्यापासून तिला हलकं वाटत होतं, मी जागेवर नाही हे बघून ती कंटाळून खाली उतरली होती.

आणि रांगेत, हातात वाडगा घेऊन, डॉक्टर क्वेन उभ्या होत्या. त्यांचं लक्ष पेजेकडे नव्हतं.

त्यांनी मला बघितलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "या बाई कोण?"

मी म्हटलं, "आई."

"जिला भरवावं लागतं ती?"

आई वळली. "कुणाला भरवावं लागतं?"

बाईच बोलल्या, "तुमच्या मुलाने सांगितलं की तुम्ही बसून खाता, आजी. सून सगळं करते."

ताई, तू आईचा राग बघितलायस, पण असा नाही. दात नसल्यामुळे थुंकी उडत होती. "बसून खाते? मी? याच्या बापाला बसवून मी खायला घातलं, याला घातलं! कुठली सून? आण ना, मलाही बघू दे! आणि तुम्हीसुद्धा, बाई, आजी म्हणू नका. मला नातवंडं आहेत की नाहीत ते मला कुणी कळवलेलं नाही. मावशी म्हणा."

(ते वाक्य तुझ्यासाठी होतं असं मला वाटलं. मी फक्त पोचवतोय.)

मी रुमाल पुढे केला. तिने तिथेच रांगेसमोर दात बसवले आणि म्हणाली, "आता बोल. डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"माझी."

तिने पातेल्यातला डाव काढून गड्याकडे दिला.

बाईंनी आम्हाला त्यांच्या खोलीत नेलं. मला म्हणाल्या, "तुमच्यासारखी मुलं मला रोज भेटतात. सगळ्यांच्या आया राण्या. आणि त्या राण्यांना मी औषध कमी देते." मग माझ्याकडे पाठ करून आईला विचारलं, "मावशी, तुम्हाला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे?"

मी "बाई!" म्हणालो. आई म्हणाली, "तू बाहेर जा."

गेलो. दार बंद झालं. आतून काही ऐकू येईना, आणि तेच वाईट होतं. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड लहान झालं होतं. म्हणाली, "नामताईला झालं होतं तेच." नंतर म्हणाली, "तू घाबरू नकोस," आणि माझा दंड धरला. तिचे हात थंड होते. ती घाबरलीय, ताई. मी आईला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, म्हणून मला आधी वाटलं की तिला थंडी वाजतेय.

मग सगळी तपासणी पुन्हा झाली, मला दाराबाहेर ठेवून. दाराच्या फटीतून बघितलं. हातात दाबायचं एक यंत्र दिलं, तिने ते वल्ह्यासारखं दाबलं, बाईंनी आकडा बघून पुन्हा दाबायला लावलं. आधीचा बेत बदलला. दोन औषधं मिळून. पण बाईंनी स्पष्ट सांगितलंय, ताकदवान म्हातारीलाही हे झेपेलच असं नाही.


सायगॉन, ९ मे

ताई,

तीन आणि आठ, दोन्हीकडे एकेक प्रत. उत्तर नाही, पण पत्रं परतही आली नाहीत.

औषधाचा पहिला फेरा आईने चेष्टेवारी नेला. उलट्या झाल्या तर म्हणाली, तुझ्या वेळेला याहून जास्त होत्या. केस गेले तर म्हणाली, बरं झालं, रश्शात पडायचे. दुसऱ्या फेऱ्यानंतर आम्ही गावी गेलो आणि आठवड्याने तिला ताप भरला. बाईंनी बजावून ठेवलं होतं, ताप आला तर थांबायचं नाही, काढे पाजत बसायचं नाही, लगेच यायचं. ताममावशी अंगणात नाणं घेऊन उभी! म्हणाली, "पाठ खरवडते, घाम सुटेल, उतरेल." मी म्हटलं, "मावशी, तिची कातडी फाटली तर तिच्या रक्तात लढायला कुणी उरलेलं नाही." हे बाईंचं वाक्य, मी पाठ केलेलं. मावशी म्हणाली, "दोन महिने शहरात राहिला तर लागला शिकवायला." आईला नावेत झोपवून मी वल्ही मारली. मला तिच्यासारखी उभ्याने मारता येत नाहीत. नाव गोल फिरायला लागली. आई डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाली, "डावं. डावं रे. बदकं हाकत नाहीयेस." मग बोलायची थांबली. मी बोलत राहिलो, काय वाटेल ते, त्या चपलेवर बसणाऱ्या बदकाची गोष्टसुद्धा सांगितली, कारण थांबलो तर तिचा श्वास ऐकावा लागला असता.

वाचली. बाईंनी पुढचा फेरा लांबवला आणि औषध जरा कमी केलं. "झेपेल तेवढंच, पण झेपतं तेवढं सगळं," म्हणाल्या.

आता गाठ लहान झालीय. पुढचा फेरा झाला की ऑपरेशन. आई नाही म्हणते. "बाई, औषध द्या, कितीही द्या. सुरी नको. नामताईला सुरीने नेलं."

बाई म्हणाल्या, "त्यांचं पोट उघडलं तेव्हा आत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. तसंच शिवलं असणार. सुरीने नाही नेलं, मावशी. उशिराने नेलं."

आई गप्प राहिली. ती मासे साफ करते तेव्हा कशी गप्प असते ना, तशी. मग म्हणाली, "माशाचं पित्त फुटलं की सगळा मासा कडू होतो. त्यात सुरीचा दोष नसतो, हाताचा असतो. पोट कोण उघडणार? तुम्ही?"

"नाही. आमचे मोठे डॉक्टर."

"त्यांना बोलवा. हात बघते."

मी लाजेने जमिनीत गेलो. पण ते आले! टकले, ठेंगणे, घाईत असलेले. आईने त्यांचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेतले, उलटे केले, बोटं वाकवून बघितली. ते म्हणाले, "पास झालो का?"

आई म्हणाली, "मासे साफ करता घरी?"

"बायको करू देत नाही."

"शिका," आई म्हणाली. पण सहीला नाही म्हणाली नाही.


सायगॉन, २३ जुलै

ताई,

परवा ऑपरेशन झालं. सकाळी नेलं तेव्हा दात पुन्हा माझ्याकडे दिले. म्हणाली, "घेऊन कुठे जाऊ नकोस." म्हणजे तिला ते माहीत होतं. कधी कळलं, कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

मी दाराशी बसलो. पाय सारखे उठत होते. एकदा जिन्यापर्यंत जाऊन आलो. एकदा खालच्या फाटकापर्यंत, तिथे एक माणूस शहाळी विकत होता, त्याच्याशी भांडण काढलं, शहाळं शिळं आहे म्हणून. शहाळं कधी शिळं असतं का! तो म्हणाला, "वर कोण आहे तुझं?" मी म्हटलं, आई. त्याने शहाळं फोडून हातात दिलं आणि म्हणाला, "जा, वर बस." बसलो.

मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला वाचता येईना. म्हणाले, दिसलं ते जवळजवळ सगळं काढलं. आतड्यापाशी बारीक ठिपके आहेत, ते काढता आले नाहीत, त्याला पुन्हा औषध. मी विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, "येऊ शकतो." त्यांनी ते मऊ केलं नाही. मग जाता जाता हात वर करून म्हणाले, "आईंना सांगा, पित्त फुटलं नाही."

म्हणजे ताई, भीती संपलेली नाही. ती आता आमच्याकडे राहायलाच आलीय. शिवण चिघळू शकते, ताप येऊ शकतो, ठिपके वाढू शकतात. मुओइशेठला निरोप दिलाय, दुसरा माणूस बघा. मी पेजेच्या चुलीवर भांडी घासतो, तिथेच जेवतो. तू ये असं मी म्हणत नाही. आईनेही म्हटलं नाही. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, चियायीला पाऊस कधी पडतो. मला माहीत नव्हतं.

आज सकाळी नर्सने सांगितलं, उठवायचंय. मी म्हटलं, इतक्यात? परवाच तर शिवलंय! नर्स म्हणाली, पडून राहिल्या तर छातीत कफ भरेल, या वयात तेच नेतं. डॉक्टर क्वेन दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

आई खाटेच्या कडेला बसली. पोटाला पट्टा, हातात नळ्या, डोकं बोडकं. इतकी लहान दिसत होती की मला वाटलं, पाठुंगळी घेतली तर कळणारही नाही. तिने पाय खाली सोडले आणि तिच्या तोंडातून एक आवाज आला, तो मी लिहीत नाही. मी उठलो, हात तिच्या काखेकडे गेले.

तिने हातावर फटका मारला. "हात काढ."

मी स्टुलावर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. मी असा घाबरलो होतो की स्टूल वाजत होतं.

ती उभी राहिली. एक पाय पुढे, एक मागे, नावेत टाकते तसा. डोलली. खाटेची कड सोडली. भिंत तिथे होती, आमच्या अंगणापासून नदी असते तेवढीसुद्धा लांब नाही. ती निघाली. भिंतीला हात लावला, तिथे टेकून राहिली, वळली. अर्ध्यावर आल्यावर थांबली. तोंडावर घाम. नर्सने माझ्याकडे बघितलं. माझे हात मांडीखालून सुटले.

आई माझ्याकडे बघतही नव्हती. समोर खाटेकडे, काठाकडे बघावं तशी बघत होती.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो.

खोय